धुराचा खडा

वस्ती, लिंबागणेश
१८ ऑक्टोबर १९७२

भामे,

मालनचा आशीर्वाद घे. खुशाली इचारू नको, हितं ती औंदा पिकली न्हाई. बाजरी गुडघ्याला लागली अन् उभ्या उभ्या करपली. हिरीच्या तळाला चिखल उरलाय. घागर बुडत न्हाई, वाटीनं भरावं लागतंय. जनावरं सोडून दिली, दावी तेवढी खुट्याला हायेत.

पत्र कशापायी लिवते ते सरळच सांगते, गोड बोलायला माझ्यापशी गूळ न्हाई. माय तुझ्याकडं ने. बाप मेल्यापासून तीन वर्सं ती माझ्या चुलीपशी हाय. आपल्याला भाऊ न्हाई, मग माय एकटीची कशी? सोसायटीत लाल मिलो भेटतो, ती अमेरिकेची जवारी, त्यो बी रांगेत धक्के खाऊन. त्याची भाकर म्हंजी वहाणेचा तळवा. मायच्या तोंडात दात न्हाई, भाकर पाण्यात कुस्करून द्यावी तर पाणी न्हाई. ती नुसती ताटाकडं बगत बसती. तिचं ते बगणं मला खाऊन टाकतंय बग.

बापानं गावाची बोलणी खाऊन आपल्या दोघींना चौथीपर्यंत शिकवलं, ते पत्रात भांडायला न्हाई. मला भांडायला लावू नको. तुझ्याकडं नळ हाय. येऊन घेऊन जा.

तुझी अक्का,
मालन


औरंगाबाद
४ नोव्हेंबर १९७२

सौ. मालनअक्कास भामाचा नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण नळ नळ काय करतेस गं? नळ चाळीचा आहे आणि त्याला चौदा बिऱ्हाडं आहेत. आमच्या दोन खोल्या. एकीत सासूबाई, दुसरीत आम्ही दोघं आणि दोन पोरी. मायला काय फळीवर ठेवू? आप्पारावांना कॉलेजात दगडांच्या खात्यात शिपाई म्हणून घेऊन पाच वर्षं झाली, अजून कायम केलेलं नाही. उद्या घरी बस म्हणाले तर बसायचं.

आणि राग मानू नकोस, मायची दीड एकर तूच कसलीस ना? पाऊस होता तोवर माय तुझी, आणि विहीर आटली की माझी?

पेपरात रोज येतंय, दुष्काळी कामं निघालीत. बायका खडी फोडतात, खायला सरकारी सुकडीही मिळते. दाजी आणि तू जावं की. लाजून पोट भरत नाही. तुला पोर ना बाळ, खाणारी तोंडं तीनच. माझ्यासारखी पदराला दोन असती म्हणजे कळलं असतं.

मायला माझा नमस्कार सांग.

तुझी,
भामा


वस्ती, लिंबागणेश
२१ नोव्हेंबर १९७२

भामे,

पोरावरून बोललीस ते बरं केलंस. आजवर गावच्या बाया बोलायच्या, तूच तेवढी ऱ्हायलतीस.

खडी फोडायला तुझ्या सासूला धाड. आमाला गरज न्हाई. ह्यांना सोसायटीच्या गोदामावर मिलो मापायला घेतलंय. सुग्रीव सेक्रेटरी सोता बोलवायला आलता, म्हणला, बंकटराव, तुमच्यासारखा इमानी माणूस पायजे. मी घरीच असते, सावलीला. पायात वहाण घालायचं बी काम पडत न्हाई.

मायला आता न्हेऊ नको. ऱ्हाऊ दे हितंच. तुझ्या मालकाच्या खात्यात दगडाचं लई कौतिक करत्यात, म्हणून एक सांगते. मायचा हिरवा खडा आठवतो का? म्हायेरी लोणारच्या तळ्याकाठी शेरडं राखताना गावलेला, जांभळाएवढा. उनात धरला की कोवळ्या पानावानी हिरवा, अन् आतून धुराची रेघ गेलेली. डोळे आले की ती त्यो डोळ्यावर ठिवायची. आता चिंधीत शिवून गळ्यात बांधलाय. परवा एक फिरता सोनार आलता. त्यानं उनात धरून दोनदा फिरवून बगितला. मग म्हणला, बाई, ह्यो कुणाला दावू नका.

माय म्हणती, मी जाईन तितं माझा खडा येईल. मग काय, हितंच ऱ्हाईल.

मालन


औरंगाबाद
१ डिसेंबर १९७२

प्रिय अक्का,

मागल्या पत्रात मी वेड्यासारखं काहीबाही लिहिलं. बहिणीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं गं. तेव्हापासून मायची सारखी आठवण येते. घास उतरत नाही.

खड्याचं ह्यांनी सहज दगडवाल्या सरांना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. लोणारचं तळं म्हणे आभाळातून धोंडा पडून झालंय. सध्या मोठमोठे लोक येऊन तिथं भोकं पाडतायत. धोंडा पडला तेव्हा जमीनच वितळली, तिचे थेंब वर उडाले आणि वरच्यावर थिजून खाली पडले. काळे थेंब मिळतात, पण हिरवा, आरपार दिसणारा, आत धूर असलेला सरांनी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. पाचू परवडला म्हणाले, पाचू खाणीत तरी सापडतो.

पण खड्याचं सोड. १० तारखेला रविवारी मी मायला न्यायला येते. सासूबाईंची खाट बाहेर काढली की जागाच जागा. खडा तिच्या गळ्यातच असू दे, चिंधी उसवायच्या भरीला पडू नकोस. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

तुझीच लाडकी,
भामा


वस्ती, लिंबागणेश
२० डिसेंबर १९७२

भामे,

मायला न्हेलंस, लई उपकार झाले. तीन वर्सांत उंबऱ्याला न शिवलेली लेक जिलबीचा पुडा घेऊन आली, माय भुलून गेली. तू आलीस अन् तासाभरात निघालीस. चहा टाकलाता, त्यो तसाच ऱ्हायला.

गाडीत बसताना ती म्हणत व्हती, मालन, तू बी चल. तू ऐकलं नसशील, खिडकीपशी मीच व्हते.

आता नीट ध्यान दे. तिचा डावा कान बंद हाय, उजव्यात बोल. सकाळी चहात भाकर कुस्करून दे. तिच्यावर वरडलीस तर ती हसती. भ्याली की हसती ती. त्या हसण्यावर जाऊ नको.

आमचं झकास चाललंय. हे गोदामावर, मी घरात. पत्र टाकलंस तर सोसायटीच्या पत्त्यावरच टाक, पोस्टमन वस्तीवर येत न्हाई. सुग्रीव आणून देतो.

मालन


औरंगाबाद
८ जानेवारी १९७३

प्रिय अक्का,

माय मजेत आहे. गॅलरीत सासूबाईंची खाट टाकलीय, माय दिवसा तिच्यावर उन्हाला बसते. पोरी तिच्याशी खेळतात.

पण एक भलतंच झालंय. सर रोज विचारतात आणि माय चिंधीला हात लावू देईना. शेवटी परवा धाकटीनं हट्ट केला तेव्हा तिनं आपल्या हातानं टाके उसवले. खडा उन्हात धरला आणि मोठ्यानं रडायलाच लागली. "ह्यात धूर न्हाई. ह्यो माझा न्हाई." तेव्हापासून तेच चाललंय. सकाळी उठली की उन्हात धरते, डोळ्यावर ठेवते, पुन्हा उन्हात धरते. शेजारीण मला विचारते, म्हातारीचं काय काढून घेतलंत?

खरं सांग, मायकडे दुसरा खडा होता का? तुला माझ्या पोरींची शपथ आहे.

भामा


वस्ती, लिंबागणेश
२४ जानेवारी १९७३

भामे,

पोरींची शपथ कशाला घालतीस? त्या तुझ्या हायेत, माझ्या न्हाईत.

मायला चळ लागलाय. हे मी तुला आदी सांगितलं न्हाई, का की तू न्हेली नसतीस. औंदा श्रावणात माझ्याकडं बगून म्हणली, तू मालन न्हाईस, माझी मालन कुठं गेली? आता बोल. जी लेकीला वळखीना ती खड्याला काय वळखणार? तिच्या डोळ्यात फूल पडलंय, धूर दिसायचा बंद झाला तर त्यात खड्याचा काय दोष? खडा एकच व्हता, त्योच तुझ्या घरात हाय.

ती डुलकी घेती तवा काढून घ्या अन् सरांना द्या. तिला दुसरा कसला बी दगड बांधा, दोन दिसात इसरंल. तिच्या बोलण्यावर काडीचा इस्वास ठिवू नको. काई बी बोलती ती.

मालन


औरंगाबाद
१५ फेब्रुवारी १९७३

मालन,

आज अक्का नाही आणि नमस्कारही नाही.

तू म्हणालीस तसा खडा काढून घेतला. आप्पाराव नवा सदरा घालून, रुमालात बांधून तो सरांकडे घेऊन गेले. सरांनी भिंग लावलं. वर्गातली तीस पोरं भोवती उभी. सर हसले आणि म्हणाले, "आप्पाराव, हा सोडावॉटरच्या बाटलीचा बुंधा आहे. कुणीतरी दगडावर घासलाय." पोरं टेबलं बडवून हसली. त्या दिवसापासून कॉलेजात ह्यांना कुणी आप्पाराव म्हणत नाही, बाटली म्हणतात. खडा आणून दिला तर सर कायम करणार होते. आता ते विसराच म्हणाले.

सासूबाई दोन महिने गॅलरीतल्या वाऱ्यात झोपल्या, त्या बाटलीपायी! मी मायला खडसावून विचारलं, तर ती टाळ्या वाजवून हसली. "मी म्हणलं व्हतं न्हवं?"

आता ऐक. सोमवारी १९ तारखेला सकाळच्या गाडीत मायला बसवून देते. कंडक्टरच्या हवाली करणार आहे, तो बीडला तिला पाटोद्याच्या गाडीत बसवील. पुढचा कंडक्टर लिंबागणेशला उतरवील. तुझ्या नावाची चिठ्ठी पदराला बांधते. दाजी गोदामावर, तू घरात सावलीला बसलेली, तेव्हा उतरवून घ्यायला अडचण नसावी. मागल्या पत्रांत तूच दोनदा तसं लिहिलंयस. पुन्हा माझ्या दारात पाठवलीस तर आतून कडी लावीन.

भामा


वस्ती, लिंबागणेश
२५ फेब्रुवारी १९७३

भामे,

तुझं पत्र मला मढ्यापशी भेटलं.

आता समदं लिवते. पुन्ना लिवायची माझ्यात ताकद ऱ्हाणार न्हाई.

ह्यांना गोदामावर कुणी घेतलं नव्हतं. तू मायला न्हेलंस त्याच्या दुसऱ्याच दिशी आमी घराला कुलूप घातलं अन् आष्टीकडं तलावाच्या कामावर गेलो. हितल्या कामावर हजेरीच्या मस्टरात नाव घेईनात. अडीच म्हयने झाले, मी खडी फोडते. तू खडी फोड म्हणलतीस ना, तुझ्याफुडं मान खाली घालायची नव्हती म्हणून लपवलं. माय तुझ्याकडं गेल्यावरची दोन पत्रं मी तलावाच्या पाळीवर बसून लिवली अन् वर लिंबागणेश घातलं. गावाकडं येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातानं टपालात टाकली. तुझी पत्रं सुग्रीव त्याच ट्रकात देयाचा. ह्या खेपंला ट्रक बिघडला. तुझं पत्र सोसायटीच्या फळीवर पडून ऱ्हायलं.

कंडक्टरनं मायला नीट उतरवलं. त्याला दोष देऊ नको. ती वस्तीवर चालत आली. वस्तीवरची चारी घरं कामावर गेलेली, कुत्रं सुदीक न्हाई. सोमवारपासून ती दारात व्हती. बेस्तरवारी शेरडं चारायला आलेल्या सटवाला दिसली. सुग्रीवनं वळखली अन् आमाला सांगावा धाडला. आमी आलो तवा तिच्यावर पटकूर टाकलेलं व्हतं.

भामे, कुलूप ठेचलेलं व्हतं. दाराफुडचा दगड घेऊन तिनं ठेचलं व्हतं. कोयंड्याला रगात लागलंतं. हाताची नखं गेलती. बिनदाताची बाई, चिमटीएवढी, तिनं तीन दिस कुलूप ठेचलं.

अन् आत खडा व्हता. कणगीच्या बुडाशी, मडक्यात. खरा. फिरता सोनार कुणी आलाच नव्हता, त्यो मी घडवला, तू मायला न्ह्यावं म्हणून. मग तुझं गोड पत्र आलं, पाचू परवडला म्हणलीस, तवा माझ्या मनात पाप आलं. तुला शहर, तुला नळ, तुला पोरी. मला एक खडा तरी. लिंबागणेशच्या जत्रेतली सोड्याची बाटली घरात व्हती, ती फोडली अन् चार दिस पाट्यावर घासली. माय निजली तवा चिंधी उसवून बदलला, अन् तिच्याच सुईनं शिवला. मायला चळ लागला नव्हता. श्रावणात ती मला वळखत व्हती. तिचे डोळे तुझ्या-माझ्याहून चांगले व्हते.

सुग्रीव सोसायटीच्या कामाला औरंगाबादला येणार हाय. त्याच्या हातानं खडा धाडते. मला घरात नको त्यो. घे अन् तुझ्या मालकाला कायम कर.

मालन


औरंगाबाद
१२ एप्रिल १९७३

मालन,

खडा पोचला. सरांनी उन्हात धरला, आतला धूर पाहिला आणि भिंग लावलं. खरा आहे. आप्पारावांना पहिल्या तारखेपासून कायम केलं. खडा कॉलेजात काचेच्या कपाटात ठेवलाय, खाली चिठ्ठी आहे, 'आप्पाराव यांजकडून'. मायचं नाव घाला असं मी म्हटलं नाही. कसं म्हणणार? पुढं विचारलं असतं, त्या बाई कुठं असतात?

कपाटाला कुलूप आहे. मी बघायला गेले तर पहारेकरी म्हणाला, बाई, काचेला हात लावू नका.

तू सगळं लिहिलंस आणि मोकळी झालीस. आता माझंही एक ऐक. मी ते लिहिणार नव्हते. पण तू मला मढं दाखवलंस, ठेचलेलं कुलूप दाखवलंस, नखं दाखवलीस. मग हे तुझ्या वाट्याचं आहे, ते तू घे.

त्या सोमवारी स्टँडवर माय हसत होती. भ्यालेलं हसणं नव्हतं ते, मला आता फरक कळतो. मी विचारलं, अगं, खरा खडा कुठंय ते आता तरी सांग. तर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मालनकडं हाय. तू न्ह्यायला आलतीस ना, म्हणून तिनं माझा खडा लपवून ठिवला. तुमी काढून घ्याल म्हणून. लई शानी हाय माझी मालन. मी गेले की काढून देती बग."

मला तेव्हाच पटायला हवं होतं. पण चळ लागलाय, काडीचा विश्वास ठेवू नको, असं तूच लिहिलं होतंस. म्हणून मी हसले आणि तिला गाडीत चढवलं. खिडकीतून ती पोरींना सांगत होती, "पुन्ना आले की तुमाला धूर दाविते."

अक्का, ती भुकेनं कुलूप ठेचत नव्हती गं. तू तिच्यासाठी काहीतरी आत जपून ठेवलंय, असं तिला वाटत होतं.

भामा


वस्ती, लिंबागणेश
६ मे १९७३

भामे,

पत्र पोचलं. चार येळा वाचलं, मग चुलीत घातलं.

काम चालू हाय. आता जवळच्या रस्त्यावर नाव लागलंय, सांजच्याला घरी येते. हे माझ्याशी बोलत न्हाईत. मस्टरवर अंगठा करत्यात अन् लांब जाऊन बसत्यात.

घराला मी कुलूप लावत न्हाई आता. कामावर जाताना दार सताड उघडं टाकून जाते. सुग्रीव म्हणला, मालनबाई, औंदा चोऱ्या वाढल्यात, लोक मडक्यातलं पीठ सुदीक न्हेत्यात. म्हणलं, न्हेऊ दे. पाण्याची वाटी उंबऱ्याच्या आत झाकून ठिवते. चहात कुस्करलेली भाकर ठिवते. सांजच्याला येते तवा मुंग्या लागलेल्या असत्यात.

तू येऊ नको.

मालन